नाशिकमधून वायरलेस मानकांच्या गटांत: सामाईक आर्किटेक्चरचं काम कसं सुरू करावं

अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत वायरलेस उपकरणांवर काम करणारे बरेच इंजिनिअर आहेत, आणि नाशिकच्या कॉलेजांतून दरवर्षी नवे बाहेर पडतात. मानक छापून आलं की ते वाचायचं आणि पाळायचं, एवढाच आपला त्याच्याशी संबंध, असं यातल्या बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. मानक लिहिणाऱ्या गटांची दारं उघडी आहेत आणि त्यासाठी नाशिक सोडावं लागत नाही.

मी हे काम इथूनच करतो. या लेखात मी त्यातल्या अशा भागाबद्दल सांगणार आहे, ज्याकडे नवखे सहसा वळत नाहीत: वेगवेगळ्या गटांची मानकं जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा. रेडिओचा वेग वाढवणाऱ्या प्रस्तावांवर मोठमोठ्या कंपन्यांचे संघ काम करतात. दोन मानकं शेजारी ठेवून दोन्हींचा मजकूर ओळीओळीनं वाचणारी माणसं मात्र थोडी आहेत. म्हणून चांगला अभ्यास केलेल्या नवख्याचं म्हणणं इथे लवकर ऐकलं जातं.

१. कोणता गट काय करतो ते आधी पक्कं करा

आयईईई ही इंजिनिअरांची जागतिक संस्था. तिच्यात नेटवर्कची मानकं लिहिणाऱ्या ८०२ समितीचं काम १९८० साली सुरू झालं. तिच्याखाली वेगवेगळे गट आहेत. ८०२.३ म्हणजे इथरनेट, ८०२.११ म्हणजे ज्याला आपण वाय-फाय म्हणतो ते तंत्र, ८०२.१५ कमी ताकदीच्या आणि खास कामांच्या वायरलेस जोडण्यांसाठी, ८०२.१८ स्पेक्ट्रमच्या नियमांवर मत देण्यासाठी, आणि ८०२.१९ एकाच पट्ट्यातल्या वेगवेगळ्या तंत्रांनी सुखानं नांदावं म्हणून. ८०२.१ कडे ब्रिजिंग (नेटवर्कचे वेगवेगळे तुकडे जोडून एक करणं), सुरक्षा आणि एकूण आर्किटेक्चर येतं.

या सगळ्यांना बांधणारी कल्पना, म्हणजेच सामाईक आर्किटेक्चर, एकच आहे. खाली तांब्याची तार असो की रेडिओ, वरच्या थराला सारखीच सेवा मिळाली पाहिजे: ही माहिती घे, या पत्त्यावर पोचव. ही कल्पना ‘आयईईई ८०२’ या मुख्य मानकात, म्हणजे ओव्हरव्ह्यू अँड आर्किटेक्चरमध्ये आहे. त्याच्या आवृत्त्या १९९०, २००१, २०१४ आणि २०२४ अशा आल्या. सेवेची नेमकी व्याख्या ८०२.१एसी मध्ये मिळते. ८०२.११ च्या आत ‘आर्क’ नावाची आर्किटेक्चरची स्थायी समिती आहे; ती स्वतः दुरुस्त्या, म्हणजे मानकात जोडायचे बदल, काढत नाही, पण इतरांच्या मसुद्यांतली रचना तपासते आणि ८०२.१ शी बोलते. नवख्यानं बसायला सुरुवात करावी ती इथेच.

८०२ च्या बाहेरचे नियम वेगळे आहेत आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. वाय-फाय अलायन्स हा ८०२.११ चा भाग नाही. ती कंपन्यांची स्वतंत्र संघटना आहे. ‘वाय-फाय ७’ हे नाव तिचं, ८०२.११बीई हे मानक आयईईईचं. मोबाइल नेटवर्कची मानकं लिहिणाऱ्या थ्रीजीपीपीमध्ये एकट्यानं जाता येत नाही, तुमची कंपनी तिच्या एखाद्या भागीदार संस्थेची सदस्य असावी लागते. भारतात ती संस्था टीएसडीएसआय आहे. ब्लूटूथचं मानक सांभाळणाऱ्या ब्लूटूथ एसआयजीचं सदस्यत्वही कंपनीचं असतं. इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये कोणीही मेलिंग लिस्टवर लिहू शकतं. आणि ८०२ मध्ये माणूस व्यक्ती म्हणून बसतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नाही. फक्त तुमचा खर्च कोण करतं, तुम्ही कोणाशी संलग्न आहात, हे जाहीर करावं लागतं.

२. एक सांधा मुळापासून समजून घ्या

मानकांचा ढीग वाचत बसण्याआधी एकच प्रश्न धरा आणि तो शेवटपर्यंत सोडवा. मी नव्यांना नेहमी हा देतो.

कारखान्यात रुळावरून फिरणारी एक ट्रॉली आहे. तिच्यावर एक पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि एक कॅमेरा बसवलाय, दोन्ही छोट्या इथरनेट स्विचला जोडलेत, आणि स्विच एका वाय-फाय क्लायंटला. छतावर ॲक्सेस पॉइंट (एपी) आहे. कॅमेऱ्याचं चित्र येतं, पण पीएलसीशी बोलणारा काही इथरनेट प्रोटोकॉल चालत नाही. बसवणारा माणूस सिग्नल तपासतो, अँटेना बदलतो. सिग्नल उत्तम असतो.

दोष फ्रेमच्या, म्हणजे जोडणीवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाच्या, रचनेत असतो. क्लायंटकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या नेहमीच्या ८०२.११ डेटा फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: घेणारा ॲक्सेस पॉइंट, पाठवणारा क्लायंट, आणि शेवटचा मुक्काम. इथे पाठवणारा आणि मूळ उगम एकच धरलेला आहे. क्लायंटच्या मागे दुसरं यंत्र असेल, तर त्याचा पत्ता लिहायला जागाच उरत नाही. मग उपकरण बनवणारे क्लायंटचाच मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) लावतात आणि आयपी पत्त्यांवरून मागच्या यंत्रांचा हिशेब ठेवतात. आयपीवरून चालणाऱ्या कॅमेऱ्याचं भागतं. थेट मॅक पत्त्यानं यंत्र ओळखणाऱ्या औद्योगिक प्रोटोकॉलचं भागत नाही.

यात दुसरी अडचणही दडलेली आहे. क्लायंटनं ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा संदेश, पाठवला की ॲक्सेस पॉइंट तो सगळ्यांना परत ऐकवतो, मूळ पाठवणाऱ्यालाही. क्लायंट स्वतःचा पत्ता पाहून ती फ्रेम टाकून देतो. पण तो ब्रिज म्हणून काम करत असेल आणि फ्रेममध्ये उगमाचा पत्ता पीएलसीचा असेल, तर त्याला वाटतं की पीएलसी आता ॲक्सेस पॉइंटच्या बाजूला आहे. ब्रिज पत्ते असेच शिकतो. त्याचा पत्त्यांचा तक्ता बिघडतो आणि पीएलसीकडे जाणाऱ्या फ्रेम भलत्या दिशेनं जातात.

चौथा पत्ता वापरून वेगवेगळ्या कंपन्यांनी यावर आपापले उपाय काढले होते, पण ते एकमेकांशी जुळतीलच असं नव्हतं. प्रमाणित उत्तर यायला दोन्ही गटांना हलावं लागलं. ८०२.११ नं २०१८ साली ८०२.११एके ही दुरुस्ती काढली, तर ८०२.१ नं २०१६ साली ८०२.१क्यूबीझेड, आणि त्याच साली ८०२.१एसी ची नवी आवृत्ती आली. आता प्रत्येक वायरलेस जोडणी ब्रिजला स्वतंत्र पोर्ट म्हणून दिसू शकते, आणि गटाला पाठवलेली फ्रेम नेमकी कोणत्या स्टेशननी घ्यायची हे एका बनवलेल्या पत्त्यातून सांगता येतं. यातलं कोणतंही एक कागदपत्र एकटं वाचलं तर अर्धंच कळतं. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते या एका अभ्यासातून जे समजतं, ते महिनाभर बैठका ऐकूनही समजत नाही.

याच धर्तीवर पुढचे दोन अभ्यास करा. एक, वेळेचं जुळणं: २०११ चं ८०२.१एएस हे ८०२.११व्ही मधल्या वेळमापनावर उभं होतं, आणि २०२० च्या आवृत्तीत त्यात ८०२.११ चं फाइन टायमिंग मेजरमेंट जोडलं गेलं. दुसरा, ८०२.११बीई मधलं मल्टि-लिंक: एकाच उपकरणाच्या अनेक रेडिओ जोडण्या, प्रत्येकीला आपला पत्ता, तरी वरच्या थराला एकच पत्ता दिसला पाहिजे. वाचताना दर पानाला विचारा, ब्रिजला इथे किती पोर्ट दिसणार?

३. काय काय जवळ हवं

- आयईईईचं मोफत खातं. सभेची हजेरी, कागदपत्राचा क्रमांक घेणं, अपलोड करणं, सगळं त्यावरून होतं.
- ‘मेंटॉर’ या कागदपत्रांच्या सर्व्हरची सवय. ८०२.११ चं कागदपत्र ‘११-’ नं सुरू होतं, ८०२.१५ चं ‘१५-’ नं. पुढे साल, क्रमांक आणि शेवटी आवृत्ती. ८०२.१ आपली कागदपत्रं स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी ठेवतो, म्हणून तिथलं काही मेंटॉरवर सापडलं नाही तर घाबरू नका.
- प्रसिद्ध झालेली ८०२ मानकं. प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी आयईईईच्या ‘गेट’ योजनेतून ती फुकट मिळतात. आधी ८०२, मग ८०२.१एसी, मग ८०२.११ मधली प्रकरणं ४ आणि ५. रेडिओची प्रकरणं सध्या बाजूला ठेवा.
- नोकरीत असाल तर कंपनीची लेखी परवानगी. तुम्ही काय मांडू शकता आणि काय नाही, हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं.
- नोंदणीची फी. प्लेनरी (सगळ्या गटांच्या एकत्र) आणि इंटरिम (दोन प्लेनरींमधल्या) सभांना घरबसल्या बसलात तरी ती भरावी लागते, आणि रक्कम खिशातून देण्याजोगी नसते. मधल्या काळातल्या टेलिकॉन्फरन्सना फी नसते, म्हणून विद्यार्थ्यांनी तिथून सुरुवात करावी.
- रात्री टिकणारा वीज बॅकअप आणि दुसरं इंटरनेट. गंगापूर रोडला असा की सिन्नरला, पावसाळ्यात हे लागतंच.

४. घड्याळ आणि हजेरी

प्लेनरी मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये होतात. वायरलेस गटांच्या इंटरिम जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. युरोपात सभा असली तर आपली दुपार-संध्याकाळ जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असली तर जुलैत त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि नोव्हेंबरच्या सभेत साडेनऊ. सभा पहाटेपर्यंत चालते. त्या आठवड्यात दिवसा पूर्ण काम करायचं मनात आणू नका, घरच्यांनाही आधी सांगून ठेवा.

टेलिकॉन्फरन्सच्या वेळा बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं लावलेल्या असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यांचे सकाळचे दहा उन्हाळ्यात आपले साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. मार्चमध्ये चांगली माणसं तासभर उशिरा येताना दिसतात, ती यामुळेच.

मताधिकार हजेरीतून मिळतो. लागोपाठच्या चार प्लेनरींपैकी दोन तुम्ही केलेल्या असाव्या लागतात, त्यातल्या एकीऐवजी एक इंटरिम चालते, आणि मोजल्या जाणाऱ्या सत्रांपैकी किमान ७५ टक्के सत्रांना हजर राहावं लागतं. मग पुढच्या प्लेनरीला मत मिळतं. टेलिकॉन्फरन्स यात धरत नाहीत. सत्र चालू असतानाच हजेरी नोंदवा, ‘मग करू’ म्हटलं की राहून जातं. प्रत्येक गट आपला हिशेब स्वतंत्र ठेवतो, म्हणून मताधिकारासाठी एकच गट निवडा आणि दुसरीकडे फक्त ऐकायला बसा. मत नसलं तरी अध्यक्षांच्या परवानगीनं बोलता येतं आणि कमेंट पाठवता येते. आर्किटेक्चरच्या कामात मतापेक्षा मुद्द्याला वजन जास्त आहे.

५. प्रकल्प मंजूर होण्याआधीच बोला

हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नवखे तो नेमका सोडतात. त्यांना वाटतं, मसुदा येऊ दे, मग पाहू. पण मसुदा येईपर्यंत रचना ठरून गेलेली असते, लोकांनी चिप बनवायला घेतलेल्या असतात, आणि तुमचा मुद्दा बरोबर असला तरी बदलाची किंमत कोणालाच परवडत नाही.

नवा प्रकल्प सुरू करायचा तर गटाला दोन कागद द्यावे लागतात. एक ‘पार’, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीचा अर्ज, आणि दुसरा सीएसडी, म्हणजे नवं मानक काढण्याचे निकष. सीएसडीत व्यापक बाजारपेठ, सुसंगतता, वेगळेपण, तांत्रिक शक्यता आणि आर्थिक शक्यता यांवर उत्तरं द्यायची असतात. सुसंगततेच्या प्रश्नात सरळ विचारलेलं असतं: प्रस्तावित मानक ८०२, ८०२.१एसी आणि ८०२.१क्यू (ब्रिजचं मानक) यांना धरून असेल का? बरेचदा तिथे ‘होय’ लिहून पुढे जातात. तुमचं काम त्या ‘होय’च्या मागे जायचं. नवा पत्त्याचा प्रकार आणताय का? फ्रेमची जास्तीत जास्त लांबी बदलतेय का? एका जोडणीवर फ्रेमचा क्रम उलटसुलट होऊ शकतो का? ब्रॉडकास्ट सगळ्यांना पोचतो का? यातल्या एकालाही उत्तर नसलं, तर ते ‘होय’ कच्चं आहे.

हे कागद प्लेनरीच्या आधी सगळ्या गटांना पाठवले जातात. दुसऱ्या गटाच्या हरकती प्लेनरीच्या आठवड्यात मंगळवार संध्याकाळपर्यंत जाव्या लागतात आणि मूळ गट बुधवारी उत्तर देतो. म्हणजे तुमच्या गटात यावर चर्चा सोमवारी-मंगळवारीच होते. कागद आधीच वाचून, हरकतीची वाक्यं लिहून तयार नसलात, तर वेळ हातातून जाते.

वायरलेस प्रकल्पांना सहअस्तित्वाचं मूल्यमापनही द्यावं लागतं आणि ते ८०२.१९ तपासतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत सेन्सर बसवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. पानावरचा ओलावा मोजणारे सेन्सर आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. पट्टा जेमतेम ३ मेगाहर्ट्झचा. त्यातच ८०२.१५.४जी आणि ८०२.११एएच ही दोन गटांची दोन्ही तंत्रं येऊ शकतात. ८०२.११एएच चा वाट पाहण्याचा काळ खूप लहान असल्यानं, गर्दी झाली की ८०२.१५.४जी मागे पडतं. या दोघांच्या सहअस्तित्वासाठी ८०२.१९.३ ही शिफारस २०२१ मध्ये निघाली. भारतातल्या अरुंद पट्ट्यात, भर बागेत, मांडवाच्या तारा आणि ओल्या पानांमधून घेतलेली मोजमापं तुम्ही नीट मांडलीत, तर ती ऐकली जातील. अशी माहिती द्यायला तिथे फारसं कोणी नसतं.

इथे आर्किटेक्चरचाही धडा आहे. ८०२.१५.४ चे पत्ते ६४ किंवा १६ बिटांचे, वाय-फायचे ४८ बिटांचे. म्हणून बागेतला सेन्सर आणि घरातलं वाय-फाय साध्या ब्रिजनं जोडता येत नाहीत, मध्ये राउटर लागतो. मूळ ८०२.१५.४ ची फ्रेम १२७ ऑक्टेटची (एक ऑक्टेट म्हणजे ८ बिट), आणि आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतात. ती दरी आयईटीएफनं २००७ च्या आरएफसी ४९४४ मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचं प्रसिद्ध कागदपत्र) भरून काढली. म्हणजे एका बागेच्या जोडणीत दोन संस्था आणि तीन गट आले.

६. कमेंट अशी लिहा की संपादकाला फक्त उतरवून घ्यावी लागेल

बॅलटच्या, म्हणजे मसुद्यावरच्या मतदानाच्या, वेळी कमेंट तक्त्यात भरतात: पान, ओळ, कलम, प्रकार, मुद्दा आणि सुचवलेला बदल. ‘हे आर्किटेक्चरला धरून नाही’ एवढंच लिहिलं तर ती फेटाळली जाणार. सुचवलेल्या बदलात तयार वाक्य द्या.

एक नेहमी सापडणारा नमुना सांगतो. मसुद्यात लिहिलेलं असतं, ‘एपी ही फ्रेम वायर्ड नेटवर्कवर पाठवतो.’ बाजारातल्या डब्याच्या हिशेबानं ते बरोबर आहे. मानकाच्या हिशेबानं नाही. ८०२.११ मध्ये एपी फ्रेम डिस्ट्रिब्युशन सिस्टिमकडे (एपींना एकमेकांशी जोडणाऱ्या व्यवस्थेकडे) देतो, आणि तिथून बाहेरच्या लॅनकडे नेण्याचं काम पोर्टलचं असतं. तुमच्या डब्यात एपी, पोर्टल आणि बहुधा एक ब्रिजही एकत्र बसलेले असतात. मसुद्यातलं वाक्य तसंच राहिलं, तर उद्या कोणी पोर्टलमध्ये करायचा बदल एपीवर लादेल आणि दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरशी ते जुळणार नाही. मग तुमची कमेंट अशी: अमुक पान, अमुक ओळ, ‘वायर्ड नेटवर्कवर पाठवतो’च्या जागी ‘डिस्ट्रिब्युशन सिस्टिमकडे सुपूर्द करतो’. कारण एका वाक्यात. बस.

फ्रेममध्ये वरचा प्रोटोकॉल कोणता हे कसं ओळखायचं, तिथेही डोळा ठेवा. इथरनेटमध्ये इथरटाइप (वरच्या प्रोटोकॉलचा क्रमांक) थेट येतो, ८०२.११ मध्ये परंपरेनं आधी एलएलसी आणि स्नॅपचं शीर्षक येतं. ८०२.११एके च्या जोडण्यांवर इथरटाइपची पद्धतही चालते. मसुदा कोणती धरतो ते स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर विचारा.

७. एका गटाचं दुसऱ्याला कळवताना

इथे चुका महागात पडतात, म्हणून थोडं खडसावून सांगतो.

तुमच्या गटाच्या वतीनं दुसऱ्या संस्थेला स्वतःहून पत्र लिहू नका. ‘८०२.११ चं म्हणणं असं आहे’ हे वाक्य लिहायचा अधिकार गटाला आहे, तोही मतदानानंतर, लायझन पत्रातून, म्हणजे दुसऱ्या संस्थेला पाठवायच्या अधिकृत पत्रातून. तुम्ही पत्राचा मसुदा लिहून गटापुढे ठेवू शकता, आणि ते काम नवख्याला आनंदानं दिलं जातं. आयईटीएफ आणि ८०२ यांनी आपसात कसं वागायचं हे २०१४ च्या आरएफसी ७२४१ मध्ये लिहिलेलं आहे. ते आधी वाचा.

पासवर्डमागचा मसुदा कोणालाही पुढे पाठवू नका. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, दुसऱ्या संस्थेतल्या ओळखीच्यालाही नाही. थ्रीजीपीपीच्या कागदातली आकृती उचलून ८०२ च्या सादरीकरणात चिकटवू नका; कॉपीराइट त्यांचा आहे, तीच गोष्ट स्वतःच्या आकृतीनं दाखवा. सभेच्या सुरुवातीला पेटंटचा इशारा वाचला जातो तेव्हा लक्ष द्या: अत्यावश्यक असू शकेल असं पेटंट कोणाकडे आहे हे तुम्हाला स्वतःला माहीत असेल तर सांगायचं असतं, आणि परवान्याची किंमत किंवा बाजारातला वाटा यावर बोलायचं नसतं.

आणखी एक, जे कुठे लिहिलेलं नाही. एकाच मुद्द्यावर दोन गटांत काम असेल, तर दोन्हीकडे तेच कागदपत्र, तोच क्रमांक दाखवा. एकीकडे एक आकृती आणि दुसरीकडे जरा बदललेली दुसरी असं झालं, की पुढच्या सभेत दोन्ही गट वेगवेगळं समजून येतात.

८. कमेंट फेटाळली गेली तर

कारण लिखित मिळतं, ते शांतपणे वाचा. गटातल्या लेटर बॅलटला ७५ टक्के संमती लागते. नंतरच्या आयईईई एसए (आयईईईची मानकं काढणारी शाखा) बॅलटला ७५ टक्के संमती आणि ७५ टक्के मतपत्रिका परत येणंही लागतं. त्या टप्प्यावर मत द्यायचं तर एसएचं सदस्यत्व घ्यावं लागतं किंवा त्या बॅलटपुरती फी भरावी लागते. मुद्दा खरा असेल तर तिथे पुन्हा मांडा, नव्या कारणासह.

मानक छापून झालं आणि विसंगती तरीही राहिली, तर ८०२.१ कडे मेंटेनन्सची विनंती कोणीही पाठवू शकतं, मताधिकार लागत नाही. ८०२.११ मध्ये पुढच्या एकत्रित आवृत्तीचं काम सुरू झालं की तीच कमेंट तिथे भरा. अर्जात दोन्ही मानकांची नावं, साल, कलम आणि एकमेकांना छेद देणारी दोन वाक्यं जशीच्या तशी द्या, आणि त्याखाली तुमचं सुचवलेलं वाक्य.